ब्राउझरच्या दारावरचा पहारा

वेबवरील एखादे पान उघडले की त्यासोबत जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेल्या काही आज्ञाही वाचणाऱ्याच्या यंत्रात येतात. त्या कोणी आणि कोणत्या हेतूने लिहिल्या, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच पाने दाखविणाऱ्या ब्राउझरने या परक्या आज्ञांना आरंभी ओसरीवरच बसविले. त्यांनी पानातील अक्षरे बदलावीत, चित्रे हलवावीत. यंत्राच्या कॅमेऱ्यास वा टेलिफोनला हात लावावयाचा नाही.

२०११ साली मोझिला या संस्थेने ही सीमा ओलांडण्याचे ठरविले. फायरफॉक्स ब्राउझरच्या ‘गेको’ नामक इंजिनावरच संपूर्ण मोबाइल चालवावयाचा, असा तो बेत होता. पुढे त्यास फायरफॉक्स ओएस हे नाव मिळाले. भारतात त्यावर चालणारा इंटेक्सचा फोन ऑगस्ट २०१४ मध्ये १,९९९ रुपयांस विक्रीस आला.

मग ओसरीवरच्या पाहुण्याने माजघरातील वस्तू मागावयाची कशी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. गेकोमध्ये प्रत्येक ॲप वेगळ्या प्रक्रियेत, जवळजवळ अधिकारशून्य अवस्थेत चाले. त्याने एसएमएस धाडण्याची आज्ञा दिली की इंजिन ती मागणी मुख्य प्रक्रियेकडे पोहोचवी. या ॲपला तशी परवानगी आहे काय, हे तेथे तपासले जाई आणि मगच निरोप फोनच्या रेडिओपर्यंत जाई. एसएमएसचा हा अधिकार तरी फोनबरोबरच आलेल्या, प्रमाणित ॲपांनाच असे. मोझिलाचा हा फोन अल्पायुषी ठरला. परंतु २०१७ चा जिओफोन चालला तो त्याच वंशातील कायओएसवर.

एवढा पहारा असूनही चूक झाली ती अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. बॅटरीत किती शक्ती उरली, हे सांगण्यात कसली आली गुप्तता? म्हणून ब्राउझरांनी ती माहिती, परवानगी न विचारताच, पानांस खुली केली. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, लिनक्सवरील फायरफॉक्स हा आकडा इतक्या सूक्ष्म दशांशांपर्यंत देई की त्यावरून बॅटरीची क्षमताच काढता यावी, आणि थोड्या अवधीत निरनिराळी पाने उघडणारा मनुष्य एकच आहे हे, नावगाव न विचारता, ओळखता यावे. प्रथम आकड्याची सूक्ष्मता कमी करण्यात आली. मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत फायरफॉक्सने ही सोय पानांकडून काढूनच घेतली. क्रोमने मात्र ती ठेवली.