जुनेराची फॅशन

कुरियरवाला पुडकं देऊन गेला तेव्हा मी धिरडी घालत होते. लेकीने ते तिथेच, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून फोडलं. आतून निघाला एक पुरुषी शर्ट. तपकिरी चौकड्या, टेरिकॉटचं कापड आणि दोन्ही बाजूंना कानांसारखी लोंबणारी कॉलर. आमच्या लहानपणी हिला ‘डॉग कॉलर’ म्हणत आणि कॉलेजातली मुलं ती मिरवत हिंडत. किंमत साडेसहाशे रुपये. नवा नव्हे, वापरलेला.

“कोणाचा आहे?” मी विचारलं.

“माझा.”

“तुझ्याआधी कोणाचा?”

“काय माहीत! तीच तर मजा आहे, आई. व्हिंटेज आहे तो.”

नेमका असाच एक शर्ट, शिवाय दोन पँटी आणि एक विटकी चादर, मी १९९६ साली बोहारणीच्या पुढ्यात टाकून चहाचं एक गाळणं आणि मध्यम आकाराचा डबा घेतला होता. शर्ट आमच्या ह्यांचा, लग्नाआधीचा. ते गाळणं केव्हाच मोडलं, डब्यात अजून रवा असतो. आणि ‘माझा चौकड्यांचा शर्ट कुठे गेला’ हा प्रश्न आमच्या घरात वर्षातून एकदा तरी निघतोच. त्या दिवशी लेकीच्या अंगावर ही नवी खरेदी पाहून ह्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या मळ्यातला. ज्या वर्षीच्या द्राक्षांची वाइन, ते वर्ष म्हणजे तिचं व्हिंटेज. पुढे तो मोटारींना लागला आणि मग कपड्यांना. आपल्याकडे वापरून मऊ झालेल्या वस्त्राला याहून जवळचा शब्द आहे, जुनेर. पण जुनेर कोणी साडेसहाशे रुपयांना विकत घेत नसे. ते नेसून सारवण करायचं, त्याची दुपटी करायची, गोधडीत घालायचं. आमच्या घरात तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागतं ते जुनेरच. नवं कापड बोचतं. आजीच्या धुवट नऊवारीतून झबली-दुपटी निघायची. नऊवारी म्हणजे नऊ वार, मीटरच्या हिशेबात सव्वाआठ मीटर कापड. एका लुगड्यात एक बाळंतपण निभावून जाई.

आम्ही धायरीला राहायला आलो १९९५ साली. तेव्हा धायरी फाट्याला उतरलं की घरापर्यंत चालत यायचं, मध्ये शेतं लागायची. (उरलीसुरली धायरी महापालिकेत गेली ती २०१७ साली. तोवर ‘तुम्ही पुण्यात राहता का?’ या प्रश्नाला आम्ही जरा अडखळूनच उत्तर देत असू.) त्या काळी दुपारी दोनच्या सुमाराला हाक यायची, “जुन्या कपड्यांवर भांडीऽऽय!” डोक्यावर पाटी, पाटीत एकात एक बसवलेली पातेली आणि डबे, पाठीला गाठोडं. आमची बोहारीण फाट्यावर बसमधून उतरे आणि धारेश्वराच्या देवळापर्यंत सगळ्या वाड्या-चाळी पालथ्या घाली.

तिच्याशी सौदा करणं हा तासाभराचा खेळ होता. आपण कपडे टाकायचे, तिने ते उजेडात धरून पाहायचे, शिवण ताणून बघायची, नाक मुरडून बाजूला सारायचे. “ह्यात न्हाई परवडत, ताई. एखादी पँट टाका की.” पँट म्हणजे तिच्या लेखी रोख रक्कम. साड्यांचं तिला फारसं कौतुक नसे. सिंथेटिक साडी तर ती जवळपास आपल्यावर उपकार म्हणून उचले. शेवटी आपण हट्टाने परात मागायची, तिने झाकणी पुढे करायची, ती उठून चार पावलं चालायला लागायची, आपण हाक मारायची. मग दोघींचं ठरायचं ते मघाशीच ठरलं असतं अशा जागी.

एकदा उन्हाची ती पाणी प्यायला टेकली तेव्हा मी विचारलं, या सगळ्याचं तू करतेस काय? तेव्हा कळलं की खरं काम रात्री सुरू होतं. घरी नेऊन कपडे निवडायचे, धुवायचे, बटणं लावायची, रफू करायचं, इस्त्री फिरवायची. धड पँट-शर्ट बाजारात मांडायचे. मंगळवार पेठेतला रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार आपण पितळी अडकित्ते आणि जुनी नाणी शोधायला जातो म्हणून ओळखतो, पण तिथे कपड्यांचे ढीगही लागतात. पँटीला गिऱ्हाईक ठरलेलं, बांधकामावरचा मजूर. नव्या पँटीच्या किमतीत त्याच्या तीन होतात. फाटकं सुती कापड गॅरेजात पुसायला जातं. म्हणजे माझ्या आजेसासूबाईंचं एखादं लुगडं कोणाच्या तरी स्कूटरचं ऑइल पुसण्यात संपलं असेल. असो.

जरीचं मात्र वेगळं. अस्सल जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची बारीक तार गुंडाळलेली असे आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. अशी साडी जुनी झाली की ती घ्यायला बोहारीण नव्हे, तराजूवाला माणूस यायचा. काठ-पदर कापून तो जाळायचा, रेशमाची राख व्हायची आणि खाली चांदी उरायची. आजेसासूबाईंच्या अंजिरी शालूचे असे पैसे आले आणि त्या पैशांत प्रेशर कुकर आला. सासूबाईंनी तेव्हा हुश्श केलं होतं. पडून राहणारी वस्तू कामाला आली, इतका साधा हिशेब. आज तसा काठ ड्रेसच्या बाहीला लावून मिळावा म्हणून मुली वाटेल ते पैसे मोजतात आणि बहुतेक वेळा त्यांना मिळते ती तांब्याच्या तारेची, नाहीतर प्लास्टिकच्या चमकत्या पट्टीची जरी. कुकर अजून आहे, पण ते आठवलं की मला शिट्टीचा राग येतो.

तर मग लेकीच्या शर्टाने मी एवढी का बिथरले? जुनं कपडं अंगावर घालण्यात मला काही वावगं वाटू नये, आम्ही तर त्यातच वाढलो. मोठ्याचं धाकट्याला, चुलत्याचं पुतण्याला. उसवलेली कड सोडून फ्रॉक लांब करायचा, सोडलेल्या कडेची गडद रेघ दिसायचीच. सगळ्यांचीच दिसायची.

मी पाचवीत असताना मुंबईच्या एका नातेवाइकांकडून कपड्यांची पिशवी आली. त्यात एक निळा फ्रॉक होता, पांढऱ्या लेसचा, फुग्याच्या बाह्यांचा. तो घालून मी एका लग्नाला गेले. आयुष्यात इतकी छान मी पुन्हा कधी दिसले नसेन. पंगतीत पानं वाढत होती, तेवढ्यात ज्या घरातून पिशवी आली त्या घरची मुलगी समोर आली आणि मोठ्याने म्हणाली, “अगं, हा तर माझा फ्रॉक!” तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट ओळखीचं माणूस भेटावं तसा तिला आनंद झाला होता. पण पंगतीतल्या बायका हसल्या, आणि मी जिलबी तशीच टाकून उठले. तो फ्रॉक मी पुन्हा घातला नाही. आईने एक शब्द न बोलता पुढच्या उन्हाळ्यात तो गोधडीत घातला. ती गोधडी माझ्याकडे आहे. मधोमध निळा चौकोन, लेसची कड धावदोऱ्याखाली दबलेली.

म्हणून मला वाटत आलं आहे की लाज जुन्या कपड्याची नसते. तो कोणाचा, हे ठाऊक असण्याची असते. लेकीला शर्टाचा आधीचा मालक ठाऊक नाही, म्हणून ती निर्धास्त.

पण यात काहीतरी निसटतं, हेही कळत होतं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा देशभरातून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुने कपडे पोचले, आणि कोळी बांधवांनी त्यांना हात लावला नाही. रस्त्याच्या कडेला ते ढिगाने पडून राहिले. तिथे देणारा कोण हे कोणालाच माहीत नव्हतं, तरीही ते घ्यावेसे वाटले नाहीत. कालपर्यंत आपल्या होडीवर कमावून खाणाऱ्या माणसाला कोणाची तरी विटकी साडी दयेपोटी नको होती. जुन्या कपड्यांचं काम करणाऱ्या ‘गूंज’ या संस्थेने या गोष्टीवर पुष्कळ विचार केलेला दिसतो. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ती सुरू केली, २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावात कपडे फुकट वाटायचे नाहीत, हा त्यांचा दंडक. गावाने विहीर खणावी, रस्ता करावा, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे.

आणि पानिपत. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला १७६१ आठवतं, पण त्या गावात पाश्चात्त्य देशांतून जुन्या लोकरी कपड्यांच्या गासड्या येतात. तिथल्या बायका उभ्या पात्यावर बटणं, चेनी, अस्तरं कापून काढतात, कपडे रंगावारी लावतात, मग ते पिंजून त्यांचं पुन्हा सूत निघतं आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. मेघना गुप्ता यांचा २०१२ सालचा ‘अनरॅव्हल’ नावाचा एक छोटा माहितीपट आहे. त्यात या बायका आपसांत तर्क लढवतात की इतके धड कपडे ती माणसं टाकून का देत असतील? तिकडे पाणी फार महाग असावं, कपडा धुण्यापेक्षा टाकणं परवडत असावं, असा त्यांचा अंदाज. मला हसू आलं आणि मग आलं नाही. एका सुती टी-शर्टाच्या कापसापासून शिलाईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. पाण्याशी संबंध आहे हे त्यांनी बरोबर हेरलं होतं, फक्त कुठल्या टोकाला ते चुकलं.

बोहारणीचा धंदा केवळ आपल्याकडचा नाही. दिल्लीच्या रघुवीरनगरात पहाटे जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार भरतो. गुजरातेतून आलेल्या, पूर्वी वाघरी म्हणत त्या देवीपूजक समाजाच्या बायका घरोघर भांडी देऊन जमवलेले कपडे तिथे आणतात. लूसी नॉरिस या ब्रिटिश संशोधक बाईंनी त्यावर २०१० साली एक आख्खं पुस्तक लिहिलं. या बाजारातल्या जुन्या रेशमी साड्यांचे पुढे घागरे, उशांचे अभ्रे होतात आणि ते पर्यटकांना किंवा परदेशी दुकानांना विकले जातात, हे सगळं त्यात आहे. म्हणजे ज्या साडीवर आपण पातेलं घेतलं, ती कोणाच्या तरी दिवाणखान्यात उशीला चढलेली असू शकते. मधल्या साखळीत सर्वांत कमी पैसे कोणाला मिळतात, ते सांगायला नको.

आमच्या बोहारणीला तर आता धायरीत शिरणंच अवघड झालं आहे. शेतांच्या जागी इमारती आल्या, इमारतींना फाटकं आली. फाटकावरचा रखवालदार कुरियरच्या पोऱ्याला सोडतो, पिझ्झावाल्याला सोडतो, डोक्यावर पाटी असलेल्या बाईला नाही. लेकीचा जुना शर्ट खोक्यात घालून लिफ्टने वर आला आणि जुन्या कपड्यांची हयातभर जाण असलेली बाई रस्त्यावर उभी. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे बोलले. चर्चा तासभर झाली, त्यातला पाऊण तास पार्किंगवर. शेवटी ठरलं की रविवारी सकाळी फाटकाबाहेर झाडाखाली बसायला हरकत नाही.

ती आता स्वतः येत नाही, गुडघे गेले. सून येते. पहिल्याच रविवारी आठ-दहा घरांतून बोचकी खाली आली. मीही दोन पँटी घेऊन गेले (ह्यांना विचारून). लेक सोबत आली ती नुसती बघायला, आणि बघता बघता ढिगाशी उकिडवी बसून कपडे उपसायला लागली. एक फिक्या पिवळ्या रंगाचा, बारीक रेघांचा सुती शर्ट तिने ओढून काढला.

“हा केवढ्याला?”

सून बावरली. “ताई, ह्ये तर मी आत्ताच हितनं घेतलंय. तुमाला भांडं हवंय ना?”

“नाही, शर्ट हवाय.”

असं गिऱ्हाईक तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी झाडाकडे. मग तिच्यातली सासू जागी झाली. तिने शर्ट उजेडात धरला, शिवण ताणली आणि म्हणाली, “दोनशे.” लेकीने दीडशे म्हटलं. सून शर्टाची घडी घालायला लागली. दोनशेच द्यावे लागले.

त्याच संध्याकाळी लेक तो धुऊन, बाह्या दुमडून घालून खाली निघाली. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू समोरून आल्या, थांबल्या, जवळ येऊन कॉलर चिमटीत धरली.

“अगं, हा तर आमच्या ह्यांचा!”

माझ्या पोटात खड्डा पडला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती पंगत, ती जिलबी. मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले.

“हो का काकू?” लेक म्हणाली. “कसला मस्त आहे! कुठे घेतला होता काकांनी?”

“घेतला नाही, शिवलाय. लक्ष्मी रोडवरून कापड आणलं होतं मी. हे तिसरं बटण बघ, दोरा वेगळा आहे, पांढरा संपला होता.” काकूंनी बटण फिरवून पाहिलं, खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली आणि आवाज खाली आणला. “घाल तू खुशाल. फक्त ह्यांच्या समोरून जाऊ नकोस. दुपारपासून कपाट उपसतायत.”