पाबळमध्ये कमावतं कोण? जनगणनेत ‘काही करत नाही’ सांगण्याआधी हे वाचा

पाबळ (ता. शिरूर) : गावाचं पोट कशावर चालतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘शेतीवर’. पण सकाळी रस्त्यावर उभं राहून बघा. एक पोरगा चाकणच्या कंपनीत निघालेला, दुसरा रांजणगावच्या शिफ्टला. वडील कांद्यात आणि आई गोठ्यात. घर एकच, पण पैसा चार वाटांनी येतो.

सरकारी कागदावर हे कसं दिसतं? 2011 च्या जनगणनेत काम करणाऱ्यांचे चारच मोठे गट होते : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. कंपनी कामगार, मास्तर, दुकानदार, ड्रायव्हर सगळे ‘इतर’मध्ये. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी गावातल्या पोरांनी हाताने काम करत शिकावं, हा त्यामागचा विचार. तिथं वेल्डिंग शिकून स्वतःचं वर्कशॉप टाकणारासुद्धा याच ‘इतर’मध्ये जातो. त्यामुळे ‘इतर’चा आकडा वाढला, तर नेमकं काय वाढलं ते कळत नाही.

दुसरी भानगड दिवसांची. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असेल तर ‘मुख्य’ कामगार, कमी असेल तर ‘सीमांतिक’. पाऊस दगा देतो तिथं शेतमजुराचं काम कधी आटोपेल याचा नेम नाही. म्हणून दिवस मोजून सांगावेत, अंदाजपंचे नको.

सगळ्यात मोठी गळती बायांच्या कामात होते. प्रगणक विचारतो, ‘या काय करतात?’ आणि ओट्यावरून उत्तर येतं, ‘काय नाय, घरीच असते.’ पहाटे धारा काढणारी, दुपारी खुरपणी करणारी बाई एका वाक्यात बिनकामाची होते! खरं तर मागच्या जनगणनेच्या व्याख्येत घरच्या शेतात बिनपगारी राबणं हे कामच होतं. दूध फक्त घरात खायला काढलं, तरी ते काम धरलं जायचं. नुसता स्वयंपाक आणि घरकाम मात्र धरत नव्हते, ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा.

आता उत्पन्नाचं. अमेरिकेत पाच-दहा हजार वस्तीच्या गावाचंही मधलं उत्पन्न सरकारी सर्वेक्षणात सापडतं. मधलं म्हणजे सगळी घरं कमाईप्रमाणे ओळीत लावली, तर बरोबर मधोमध येणाऱ्या घराचं. सरासरीपेक्षा हे बरं, कारण एका बागायतदारामुळे आकडा फुगत नाही. आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. मग गावाच्या कमाईचा अंदाज कामाच्या रकान्यावरूनच बांधावा लागतो. तोच चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

2021 ची जनगणना कोरोनामुळे राहिली. पुढची 2027 ची आहे, संदर्भ दिनांक 1 मार्च. ‘खरं सांगितलं तर रेशनकार्ड जाईल’ ही भीती अनेकांना असते. पण जनगणना अधिनियम 1948 नुसार दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय राहते, कोर्टातही ती सहसा पुरावा म्हणून चालत नाही.