टॉवर बंद पडला तर निरोप कसा जाणार?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण निरोपाबद्दल बोलणार आहोत. तशी ही साधीच गोष्ट. लेकीला सांगायचं, आम्ही सुखरूप आहोत. तालुक्याला कळवायचं, पाणी वाढतंय, होडी पाठवा. रोजच्या दिवशी हे काम मोबाइल करतो आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही. पण ज्या दिवशी निरोपावर जीव अवलंबून असतो, नेमकं त्याच दिवशी नेटवर्क जातं. असं का होतं, आणि तेव्हा दुसरा कोणता रस्ता असतो, ते आज समजून घेऊ.

आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या वयस्क बायांना मोवाड आठवत असेल. नरखेड तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं गाव. ३० जुलै १९९१ ला तिथे महापूर आला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा मोबाइल नव्हते. २०२३ साली २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपूर शहरात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. आता घरोघरी मोबाइल आहेत. पण पाणी घरात शिरलं, वीज गेली, की मोबाइलवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न शहरालाही आहे आणि खेड्यालाही.

आधी मोबाइल कसा चालतो ते पाहू. तुम्ही शेजारच्या गल्लीतल्या बहिणीला फोन लावला, तरी तुमचा आवाज तिच्या फोनकडे थेट जात नाही. तो आधी जवळच्या टॉवरकडे जातो, तिथून तारेने किंवा दुसऱ्या टॉवरमार्फत कंपनीच्या केंद्राकडे जातो आणि मग परत तुमच्याच गावच्या टॉवरवरून बहिणीकडे येतो. म्हणजे टॉवर हा आपला पोस्टमन. या पोस्टमनला वीज लागते. वीज गेली की तो बॅटरीवर चालतो, काही ठिकाणी डिझेलच्या जनरेटरवर चालतो. बॅटरी उतरली, रस्ता बंद झाला, डिझेल पोचलं नाही, की टॉवर गप्प. तो टॉवर ज्या तारेने पुढे जोडलेला असतो ती पुरात तुटली तरीही तो गप्प.

दुसरी अडचण गर्दीची. संकट आलं की सगळेच एकदम फोन लावतात. टॉवर एका वेळी ठरावीकच बोलणी पेलू शकतो. जत्रेच्या दिवशी एसटीत चढायला मिळत नाही, तसंच हे. इथे एक उपयोगाची गोष्ट लक्षात ठेवा. अशा वेळी फोन लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवा. एसएमएस फार थोडी जागा घेतो. समोरचा फोन बंद असेल तर कंपनीच्या केंद्रात तो थांबून राहतो आणि फोन सुरू झाला की पुन्हा पाठवला जातो. बोलणं अडतं तिथे चिठ्ठी पुष्कळदा निघून जाते. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं, साध्या एसएमएसला लागत नाही.

पण टॉवरच बंद असेल तर एसएमएसही जाणार नाही. सरकार आता मोठा भोंगा वाजवून मोबाइलवर धोक्याची सूचना पाठवतं. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा फोन अचानक किंचाळल्यासारखा वाजला आणि कित्येकजणी दचकल्या. ती सूचनाही टॉवरवरूनच येते. आणि आपला हा सामुदायिक रेडिओ? त्यावरून आम्ही बोलतो, तुम्ही ऐकता. तुमच्या घरातला रेडिओ ऐकतो, पण बोलत नाही. तुमचा निरोप त्यातून बाहेर जात नाही.

इथे हौशी रेडिओ उपयोगी पडतो. त्याला हॅम रेडिओ असंही म्हणतात. हा घेण्या-देण्याचा रेडिओ आहे. यात बोलताही येतं आणि ऐकताही येतं. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, हौसेखातर हे यंत्र चालवणारी माणसं जगभर आहेत. यातून पैसा कमवायला बंदी आहे, म्हणूनच नाव हौशी. प्रत्येकाला सरकारकडून एक सांकेतिक नाव मिळतं. भारतातली बहुतेक नावं इंग्रजी व्ही आणि यू या अक्षरांनी सुरू होतात. यंत्र गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. एरियल म्हणून दोन झाडांच्या मध्ये बांधलेली तारही पुरते. मध्ये टॉवर नको, कंपनी नको. एका यंत्राच्या लहरी थेट दुसऱ्या यंत्राला मिळतात.

या लहरी दोन तऱ्हांनी जातात. हातात धरायच्या छोट्या यंत्राच्या लहरी साधारण सरळ जातात. रामटेकच्या गडावर उभं राहिलं की लांबचं दिसतं, आणि घरामागच्या अंगणातून शेजारची भिंतच दिसते. या लहरींचंही तसंच आहे. जेवढ्या उंचावरून सोडाल तेवढ्या लांब जातील. दुसऱ्या लहरी लांब पल्ल्याच्या. त्या आभाळात खूप उंचावर असलेल्या विद्युतभारित थरावर आपटून पुन्हा जमिनीवर येतात, जसा छताला लागून परत आलेला चेंडू. त्यामुळे त्या शेकडो, हजारो किलोमीटर पोचतात. अंदमानचा आवाज दिल्लीत ऐकू येतो तो असा.

अंदमानचं नाव घेतलं ते मुद्दामच. भारती प्रसाद या आपल्या देशातल्या हौशी रेडिओ चालक. डिसेंबर २००४ मध्ये त्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून कित्येक वर्षं हौशी रेडिओ चालवायला परवानगी नव्हती. त्यांनी पाठपुरावा करून ती मिळवली होती. २६ डिसेंबरच्या सकाळी समुद्राखाली मोठा भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामीच्या लाटा आल्या. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. तेव्हा हौसेसाठी नेलेलं तेच यंत्र बेटांचा आवाज झालं. कोण जिवंत आहे, कुठे काय हवं आहे, हे निरोप त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मुख्य भूमीवरच्या रेडिओ चालकांना सांगितले. त्यांनी ते कागदावर उतरवले आणि नातेवाइकांना फोन करून कळवले. नंतर त्यांचे साथीदार कार निकोबारलाही गेले. आपल्या महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही हौशी रेडिओ चालकांनी भूकंपग्रस्त भागातून संदेशवहनाचं काम केलं. २००१ च्या भुजच्या भूकंपातही केलं.

आता एसएमएसकडे येऊ. रेडिओवरून नुसतं बोलताच येतं असं नाही, लिहिलेला मजकूरही पाठवता येतो. यासाठीची एक पद्धत अमेरिकेतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी तयार केली. ते तिथल्या नौदल अकादमीत काम करत. तिला इंग्रजी अक्षरांवरून एपीआरएस म्हणतात. यात यंत्र अक्षरांचं रूपांतर आवाजात करतं. ऐकलं तर नुसती चर्रर्र अशी खरखर वाटते. तोच आवाज दुसऱ्या यंत्राने ऐकला की तो त्याची पुन्हा अक्षरं करतो. एक निरोप पाठवायला एक-दोन सेकंद पुरतात.

आता हा निरोप मोबाइलपर्यंत कसा पोचतो? विहिरीला आग विझवायचं पाणी हातोहात नेतात ना, बाया ओळीत उभ्या राहून एकीकडून दुसरीकडे हंडा देतात, तसंच समजा. पहिला हंडा म्हणजे पूरग्रस्त गावातल्या माणसाचं हातातलं यंत्र. त्याचा निरोप उंचावर ठेवलेलं दुसरं यंत्र ऐकतं आणि जसाच्या तसा पुन्हा सोडतं. तो पुढच्याला मिळतो. असं करत करत निरोप अशा एका ठिकाणी येतो जिथे वीज आहे, इंटरनेट आहे. तिथलं यंत्र तो इंटरनेटवर टाकतं. शेवटी एक संगणक त्यातला मोबाइल नंबर वाचतो आणि मजकुराचा एसएमएस करून त्या नंबरवर पाठवतो. निरोप मिळाला की उलट दिशेने पोच येते. अमेरिकेत हौशी मंडळींनी असे दुवे चालवले आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही असं ऐकून पुन्हा सोडणारं यंत्र आहे. ते सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जातं. ते आपल्या आभाळात असतं तेवढी मोजकी मिनिटं त्याच्यामार्फत निरोप दूरवर जाऊ शकतो. भारतानेही ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून हौशी रेडिओसाठी हॅमसॅट नावाचा छोटा उपग्रह सोडला होता. त्याने २०१४ पर्यंत काम केलं.

म्हणजे एक गोष्ट स्पष्ट आहे. साखळीच्या शेवटच्या टोकाला इंटरनेट आणि चालू मोबाइल लागतोच. फायदा एवढाच की ते टोक तुमच्या गावात असण्याची गरज नाही. गाव अंधारात असलं तरी शंभर किलोमीटरवर दिवे लागलेले असतात. रेडिओ तिथपर्यंतचा पूल बांधतो.

या निरोपात जास्तीत जास्त ६७ अक्षरं मावतात. मराठी लिहायची तर इंग्रजी लिपीत लिहावी लागते, आपली मुलं व्हॉट्सॲपवर लिहितात तशी. पूर्वी तार करायची तर शब्दामागे पैसे पडायचे, म्हणून आपले वाडवडील मोजून शब्द लिहीत. १५ जुलै २०१३ ला आपल्या देशातली तार बंद झाली, पण ती शिस्त इथे हवीच. ‘शाळेत ४० जण सुखरूप, एक बाळंतीण, डॉक्टर हवा’ एवढ्यात सगळं आलं. ‘इकडे फार वाईट परिस्थिती आहे, लवकर काहीतरी करा’ यातून मदत करणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता कायद्याचं. आपल्याकडे परवान्याशिवाय असं यंत्र चालवणं गुन्हा आहे. बाजारात, ऑनलाइन स्वस्तात वॉकीटॉकी मिळतात. त्या घेऊन बोलायला सुरुवात करू नका. शिवाय परवाना असला तरी एरवी दुसऱ्या कुणाचे निरोप पोचवायला मनाई आहे. नेहमीची दळणवळणाची साधनं कोलमडली, की आपत्तीत प्रशासनासाठी असे निरोप नेता येतात. म्हणून रोज फुकटात एसएमएस पाठवायचा हा मार्ग नाही. ही संकटातली वाट आहे आणि आपल्याकडे या वाटेवर शेवटचा हंडा बहुतेक वेळा माणूसच उचलतो. रेडिओवर ऐकतो, लिहून घेतो आणि फोन करतो.

आणखी एक. हौशी रेडिओवरचं बोलणं गुप्त नसतं. ते कुणीही ऐकू शकतं. म्हणून बँकेचा नंबर, आधार नंबर किंवा कुणा लेकीसुनेची खासगी गोष्ट त्यावरून कधीही सांगू नये.

परवाना कुणाला मिळतो? वय बारा वर्षं पूर्ण हवं. रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम यांची परीक्षा असते. खालच्या श्रेणीला मोर्सची टकटक शिकावी लागत नाही. परीक्षा दूरसंचार विभाग घेतो आणि नागपूर हे तिचं केंद्र राहिलेलं आहे. म्हणजे विदर्भातल्या मुलीला त्यासाठी मुंबई गाठायची गरज पडलेली नाही. अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम आणि शुल्क विभागाच्या सरल संचार या संकेतस्थळावर पाहून घ्या. गावातली एखादी दहावी-बारावीची मुलगी, विज्ञानाची आवड असलेली, हे सहज शिकू शकते. तिच्या हातात मोबाइल आहे म्हणून आपण रागावतो. हेही एक यंत्रच आहे, पण यातलं ज्ञान गावाच्या कामी येईल.

परवाना, यंत्र हे सगळं जमेपर्यंत बचत गटाने काय करायचं? चार कामं आजच करता येतात आणि त्यांना खर्च नाही.

पहिलं, महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. फोन बंद पडला तर स्वतःच्या मुलाचा नंबरही कित्येकींना पाठ नसतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवा. त्यावर १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लिहा.

दुसरं, निरोपाचा साचा ठरवून ठेवा. गाव आणि ठिकाण, माणसं किती, जखमी किंवा आजारी किती, काय हवं, कुणाला कळवायचं. या पाच गोष्टी याच क्रमाने. गटाच्या बैठकीत दोघीदोघींनी सराव करा. एकीने सांगायचं, दुसरीने लिहून पुन्हा वाचून दाखवायचं. रेडिओ चालवणारेही असंच करतात, म्हणून चूक कमी होते.

तिसरं, गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, एकट्या राहणाऱ्या बाया यांची यादी गटाकडे असू द्या. निरोप कितीही वेगाने गेला, तरी सांगायचं काय हे माहीत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

चौथं, पुढच्या ग्रामसभेत विचारा, टॉवर बंद पडला तर आपलं गाव तालुक्याला कसं कळवणार? आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात हौशी रेडिओ चालकांची नावं आहेत का? हा प्रश्न पावसाळ्याआधी विचारायचा असतो. पाणी उंबऱ्याला लागल्यावर विचारून उपयोग नाही.

यंत्र कुणाचं का असेना, निरोप तयार करणारं माणूस गावातच लागतं. ते माणूस तुमच्या गटातलं असू द्या. काळजी घ्या, नंबर आजच लिहून ठेवा. नमस्कार.