आजार येण्याआधी काम करणाऱ्यांचं शिक्षण : बारावीनंतरची एक वाट

गेल्या जूनमध्ये नीटचा निकाल लागला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची अम्मी तिला घेऊन घरी आली. मुलगी मान खाली घालून बसलेली. दुसऱ्यांदा परीक्षा दिली होती, दुसऱ्यांदाही मार्क कमी पडले. अम्मी म्हणाली, "टीचर, हिचे अब्बू म्हणतात आता बस झालं. क्लासला दोन वर्षं पैसे घातले. डॉक्टर होत नाही तर घरी बसू दे, चांगलं स्थळ बघू."

दरवर्षी जून-जुलैमध्ये अशा दोन-चार मुली आणि तितकेच मुलगे माझ्याकडे येतात. आपल्या घरांमध्ये आरोग्य क्षेत्र म्हणजे एमबीबीएस. ते नाही जमलं तर बीएचएमएस, बीयूएमएस. तेही नाही तर काहीच नाही. मधल्या वाटा कुणी दाखवत नाही. त्यातल्या एका वाटेबद्दल आज लिहिते. तिचं नाव आरोग्य संवर्धन आणि रोग प्रतिबंध. सोप्या भाषेत सांगायचं तर माणूस आजारी पडूच नये, पडला तर लवकर कळावं आणि कळल्यावर आजार वाढू नये, यासाठी काय करायचं याचं शास्त्र. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत याच नावाची पदवी मिळते. आपल्याकडे हे बहुतेक वेळा 'पब्लिक हेल्थ' म्हणजे सार्वजनिक आरोग्य या नावाखाली शिकवलं जातं.

डॉक्टर आणि हे काम, फरक काय?

डॉक्टरसमोर एक पेशंट असतो. या लोकांसमोर अख्खा मोहल्ला असतो.

२०२२ च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, ती आठवा. लहान मुलं दगावली. मालेगाव आणि आपल्या भिवंडीतही गोवर पसरला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मुलांवर उपचार केले, ते त्यांचं काम. पण साथ थांबवायला वेगळं काम करावं लागलं. घरोघरी जाऊन ताप आणि पुरळ आलेली मुलं शोधायची, कुणाला डोस मिळाला आणि कुणाला नाही याच्या याद्या करायच्या, जादा लसीकरण सत्रं लावायची, मौलाना साहेबांना भेटून मशिदीतून आवाहन करायला सांगायचं. साथ होती त्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला गेला.

गोवर हवेतून पसरतो आणि माहीत असलेल्या सगळ्यात संसर्गजन्य रोगांपैकी तो एक आहे. तो रोखायचा तर १०० पैकी साधारण ९५ मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. आता एक हिशोब करा. एका गल्लीत लस घेण्याच्या वयाची २०० मुलं आहेत आणि १४० मुलांचे डोस पूर्ण आहेत. म्हणजे ७० टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण गरज १९० ची आहे, म्हणजे अजून ५० मुलं हवीत.

इथून खरा अभ्यास सुरू होतो. ही ५० मुलं का राहिली? एका आईचं बाळ पहिल्या डोसनंतर तापलं, म्हणून घरच्यांनी दुसरा नको म्हटलं. एक कुटुंब सहा महिने गावाला होतं, कार्ड हरवलं. एका घरी सकाळी पाणी येतं आणि लसीचं सत्रही सकाळीच असतं. कुणी मोबाईलवर उलटसुलट व्हिडिओ बघितलेला असतो. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा. जिला वेळ नाही तिला भाषण देऊन उपयोग नाही, तिच्यासाठी सत्र दुपारी ठेवा. जी घाबरली आहे तिला वेळ बदलून उपयोग नाही, तिच्याजवळ बसून बोला. "लोक अडाणी आहेत" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. हे शिक्षण घेतलेल्या माणसाला तसं म्हणता येत नाही, त्याला कारण शोधावं लागतं.

विश्वासाचा प्रश्न जुनाच आहे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. पण लस तयार झाली म्हणून लोक ती घेतात असं नाही. सरकारी तपासण्यांची दहशत होती, अफवा होत्या. अशा वेळी जेमतेम विशीतले तिसरे आगाखान पुढे आले. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांची भीती कमी केली. लस शास्त्रज्ञाने दिली, पण भरवसा आपल्या माणसाने दिला. सव्वाशे वर्षांनी गोवंडीतही तेच दिसलं.

या अभ्यासात काय शिकवतात?

पहिला विषय एपिडेमियोलॉजी. रोग कुणाला होतो, कुठे होतो, कधी आणि का होतो, हे शोधण्याचं शास्त्र. दुसरा संख्याशास्त्र. गणिताची भीती असलेल्या मुलांनो, इथे दहावीचं टक्केवारी-सरासरी पक्कं असेल तर सुरुवात होते, पुढचं शिकवतात. मग पोषण, पाणी आणि स्वच्छता, माता-बाल आरोग्य, मानसिक आरोग्य, माणसाच्या सवयी कशा बदलतात त्याचा अभ्यास, आरोग्य संवाद आणि सरकारी योजनांची रचना. चांगल्या कोर्समध्ये वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम असतं.

प्रतिबंधाच्या तीन पातळ्या शिकवतात. टीबीचं उदाहरण घेऊ. बाळाला बीसीजी देणं, कारखान्यात आणि घरात हवा खेळती ठेवणं ही पहिली पातळी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या माणसाला शोधून थुंकीची तपासणी करणं ही दुसरी. आजार निघाल्यावर साध्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स मधेच सुटू न देणं आणि सरकारकडून पोषणासाठी मिळणारे महिन्याचे १००० रुपये त्याच्या खात्यात येतात की नाही ते बघणं, ही तिसरी.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. दादी किंवा नाना यांना शुगर आहे आणि रमजान जवळ येतोय. रोजे सुरू झाल्यावर गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलणं धोक्याचं. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून, रोजा ठेवता येईल का आणि औषधं कशी घ्यायची, हे विचारून घ्यायला हवं. ही गोष्ट एका घराला सांगणं ही समज झाली. शहरातल्या शुगरच्या सगळ्या पेशंटपर्यंत ती वेळेवर पोहोचवण्याची योजना आखणं हे आरोग्य संवर्धन झालं.

आणखी एक महत्त्वाचा धडा १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यातून येतो. नुसता उपदेश करून आरोग्य सुधारत नाही, कायदा, परिसर, समाज, माणसाची स्वतःची समज आणि आरोग्यसेवा या पाचही ठिकाणी काम लागतं. गुटख्याचंच बघा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. तरी माझ्या वर्गातल्या मुलाच्या खिशात पुडी सापडते. म्हणजे कायदा झाला, पण टपरी तिथेच आहे. घरात अब्बू खातात. आणि सोडायची म्हटलं तर मदत कुठे मिळते हे कुणाला माहीत नाही. एकच खुंटी ठोकून तंबू उभा राहत नाही.

बारावीनंतर वाटा कोणत्या?

बॅचलर ऑफ पब्लिक हेल्थ किंवा याच विषयातली बीएस्सी ही सरळ वाट. पण आपल्याकडे असे कोर्स अजून मोजके आहेत. म्हणून दुसऱ्या वाटाही माहीत असू द्या.

बीएस्सी नर्सिंग : चार वर्षं, सायन्स लागतं, राज्यात आता त्यासाठी वेगळी सीईटी होते. यात सामुदायिक आरोग्य हा विषय असतो. पुढे आरोग्य केंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करता येतं. बीयूएमएस झालेल्यांनाही महाराष्ट्रात या पदाची संधी मिळालेली आहे.

बीएसडब्ल्यू किंवा समाजशास्त्र, मानसशास्त्र : आर्ट्सच्या मुलांसाठी. मुंबईचं निर्मला निकेतन समाजकार्याच्या पदवीसाठी जुनं नाव आहे.

गृहविज्ञान, आहारशास्त्र : मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठात सोय आहे.

स्वच्छता निरीक्षक पदविका : अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही जुनी संस्था हा कोर्स चालवते. नगरपालिका, महापालिकांच्या भरतीत तो विचारला जातो.

यानंतर दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात ते आहे. काही संस्था कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतात, काहींना आरोग्याशी संबंधित पदवीच हवी असते. म्हणून पदवी निवडतानाच पुढच्या प्रवेशाची अट वाचून ठेवा.

खरं ते सांगते

या शिक्षणाने नावापुढे डॉक्टर लागत नाही. औषध लिहिता येत नाही, दवाखाना काढता येत नाही. सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात. सरकारी आरोग्य अभियान, महापालिका, सामाजिक संस्था, हॉस्पिटल, संशोधन प्रकल्प इथे कामं मिळतात, पण बरी जागा हवी तर बहुतेक वेळा एमपीएच लागतंच. म्हणजे पाच-सहा वर्षांचा विचार करून उतरायचं.

खासगी कॉलेजची जाहिरात बघून फी भरू नका. आधी चार प्रश्न विचारा. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का? वस्तीतलं प्रत्यक्ष काम किती तासांचं? मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत? आणि या पदवीवर एमपीएचला प्रवेश मिळतो का? २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांची यादी आहे आणि तिच्यात समुदाय आरोग्य प्रवर्तकही आहेत. त्या कायद्यात हेल्थकेअर प्रोफेशनलच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण धरलंय. कोर्स त्यात बसतो का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

फीबद्दलही ऐका. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर काढलेलं नसतं, आणि ऐनवेळी धावपळ होते. अकरावीतच काढून ठेवा.

उर्दू मीडियमच्या मुलांनी कमीपणा मानू नये

२०२२ मध्ये माझी ही विद्यार्थिनी दहावीत होती. तिच्या गल्लीत आशाताई यायच्या, त्यांना मराठी. गल्लीतल्या बाया यूपीकडच्या, त्यांना मराठी कळत नाही. ही पोरगी मधे उभी राहून दोन्हीकडचं सांगायची. मी तिला ते आठवण करून दिलं. म्हटलं, "बेटा, ज्यांनी पब्लिक हेल्थच्या मोठ्या डिग्र्या घेतल्यात त्यांना तुझ्या गल्लीत दुभाषी लागतो. तुला लागत नाही. तुला फक्त डिग्री कमी आहे."

इंग्रजी शिकावंच लागेल, त्याला सुटका नाही. पण उर्दू, मराठी आणि मोहल्ल्याची ओळख हे ओझं नाही, या कामातली पुंजी आहे.

अम्मीने एकच विचारलं, "लोक म्हणतील डॉक्टर नाही झाली, मग काय सांगायचं?" मी म्हटलं, "सांगा की डॉक्टरकडे जायची वेळ येऊ नये म्हणून शिकतेय." त्या हसल्या. घरी अब्बूंची समजूत घालायला आठवडा लागला. आता मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि पुढे एमपीएच करायचं म्हणते. इन्शाअल्लाह करेल.

तोवर एक काम तुमच्यासाठी. घरात दोन वर्षांच्या आसपासचं मूल असेल तर आज लसीचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा राहिला असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रावर जाऊन विचारा. आणि बारावीतल्या मुलीलाच ते कार्ड वाचायला द्या. तिला वाचता वाचता चार प्रश्न पडले, तर ही वाट तिला दाखवायला हरकत नाही.