दिवाळी कुठं केली?

सकाळी सहा. बीडच्या स्थानकातून वडवणीची एसटी. नोव्हेंबर आहे; कारखान्यांचे बॉयलर पेटलेत, गावंच्या गावं ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीच्या फडांत. गाडीत म्हातारी माणसं आणि कॉलेजची पोरं. मुलींचा फुकट पास बारावीपर्यंतच. त्यामुळं थांबलेली मुलगी पदवीच्या गळतीत मोजली जात नाही; तिचं नाव तिथवर येतच नाही.

नऊ. कॉलेजचं कार्यालय, हजेरीपट. घरात पहिल्यांदाच पदवीला आलेली मुलं हा माझ्या प्रबंधाचा विषय. दिवाळीनंतर रकान्यांत नुसतं 'गै'. "पोरांना गोडीच नाही," एक प्राध्यापक म्हणतात. मला हे उत्तर फार सोयीचं वाटतं. खरं तर ऊसतोडीचा मुकादम आगाऊ उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. आईची कंबर धरली की उचल फिटेपर्यंत तिच्या जागी पोरगा जातो, नाहीतर पोरगी. हिवाळी परीक्षा ऐन त्याच हंगामात.

अकरा. प्रश्नावली. 'वडिलांचा व्यवसाय' पुढं बहुतेक जण 'शेती' लिहितात. खोटं नाही, एखादा एकर कोरडवाहू असतंच. म्हणून हल्ली मी विचारतो, दिवाळी कुठं केली? "फडावर," एक जण म्हणाला आणि मग तासभर बोलत राहिला. शाळेत असताना गावात हंगामी वसतिगृह होतं, आजी होती. कॉलेजला दोन्ही नाही.

दीड वाजता ऑनलाइन केंद्र. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज. ओटीपी येणार वडिलांच्या मोबाइलवर. वडील कर्नाटकात, मोबाइल बंद. संशोधकानं ढवळाढवळ करू नये म्हणतात. मी मुकादमाला फोन लावतो.

संध्याकाळी बीडला परत, प्रकरण दुसरं. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, नागसेनवनात वसतिगृहंही झाली. पहिल्या पिढीला वर्गाइतकीच राहायची सोय लागते, हे तेव्हाच उमगलेलं होतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली 2021 मध्ये. मधल्या सत्तर वर्षांवर पानभर लिहितो, निम्मं खोडतो. राग प्रबंधात चालत नाही.

रात्री नऊ. उसाची गाडी भरून झाली असेल तर फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, फोन लागतो. आज एका विद्यार्थिनीची आई बोलली. माझे प्रश्न राहिले बाजूला, तिनंच विचारलं, "सर, पोरीचा पेपर कोणत्या तारखेला हाय? मुकादमाला आधी सांगावं लागतंय."

वेळापत्रक अजून लागायचंय.