मुलाचे मौन म्हणजे मंदबुद्धी नव्हे



खांडबारा परिसरातील पुष्कळ मुले घरी मावची बोलतात. मराठी प्रश्नापुढे मूल गप्प राहिले, की त्याला विचारच करता येत नाही असा आपला ग्रह होतो. तरुणपणी मीही ही चूक केली आहे. चैत्रात मोहाची फुले वेचून भावंडांत सारखे वाटे घालणारे मूल भागाकारच करीत असते. त्याला अडतो तो केवळ शब्द.

यास्तव पाठाचा क्रम असा ठेवावा. प्रथम फुले वा खडे देऊन वाटे घालावयास सांगावे. मग ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारावे व उत्तर मावचीत येऊ द्यावे. आपणास ती येत नसल्यास वरच्या वर्गातील मुलास दुभाषी करावे. त्यानंतर मराठी शब्द फळ्यावर लिहावा. मोबाईलवरील पाठ शेवटी दाखवावा, व मध्येच थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे. यंत्र चित्र दाखविते. विचार मुलानेच करावयाचा असतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे गावातल्या साध्या वस्तूंचीच साधने केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकविण्यास सांगितले आहे. घरची भाषा वर्गात आली, की मूल बोलू लागते. आणि बोलू लागलेल्या मुलास मराठी दूर राहत नाही.