मासे न मोजता मोजायचे

पीएच.डी. संपली आणि कायमची नोकरी नाही, अशा मधल्या काळातलं कराराचं संशोधन म्हणजे पोस्टडॉक. मी ते ऑस्ट्रेलियात होबार्टला करतेय. आई मालवणहून विचारते, "मासे मोजतंस तरी कशे गो?"

दक्षिणी ब्लूफिन टूनाची पिल्लं आणि मोठे मासे यांचे डीएनए ताडून बघतात. आईबाप-पिल्लू अशा जोड्या कमी जुळल्या, तर समुद्रात मोठे मासे पुष्कळ. जास्त जुळल्या, तर थोडे. मला हे फार सुंदर वाटतं.

पुढचं काम निर्णयाचं. किती मासेमारी करायची याचा नियम आधी संगणकातल्या शेकडो काल्पनिक समुद्रांवर तपासतात. 2011 मध्ये या टूनासाठी असा नियम देशांनी मिळून स्वीकारला : 2035 पर्यंत प्रजननक्षम साठा मूळच्या 20 टक्क्यांवर न्यायचा, तोही 70 टक्के खात्रीने. ही 70 टक्के खात्री गणितातून निघत नाही. किती धोका पत्करायचा, हे माणसंच ठरवतात. म्हणून मच्छीमारांशी बोलता येणं मला गणिताइतकंच महत्त्वाचं वाटतं.

करार संपला की मला सुरमईवर काम करायचंय. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे आपल्या बंदरांवरच्या मासळीच्या कित्येक दशकांच्या नोंदी आहेत.